हँडल, उतार आणि बॅटरी

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की सातारा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येतं. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या काठावर किंवा लिंगमळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी, आणि तिच्या टपावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर. आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, थंड हवा सखल भागात साचून राहते. गाडीचा पातळ पत्रा उष्णता झपाट्यानं गमावतो, त्यामुळे आसपासच्या हवेपेक्षाही तो गार पडतो आणि त्यावर हिमकण जमतात.

तिथून १९ किलोमीटर अलीकडे, पाचगणीत, एवढी थंडी क्वचित पडते. हिवाळ्यातल्या पहाटे पारा बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरतो. तरीही नाताळच्या सुट्टीत मुक्कामी आलेल्या गाड्यांपैकी एखादी सकाळी अडून बसतेच. किल्ली फिरवली की आधी दमलेली घरघर, मग नुसतं टक-टक-टक, डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत जातात आणि मग काहीच नाही. ‘पाचगणीच्या थंडीनं बॅटरी बसली,’ असं म्हणत मालक फोन काढतो.

खरं तर ती बॅटरी पाचगणीच्या थंडीनं मेलेली नसते. मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या उन्हाळ्यानं ती आधीच खाल्लेली असते. थंडी फक्त ते उघडकीला आणते.

मोटारीतली शिशाची बॅटरी मुळात जुनी वस्तू आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानं ती १८५९ साली तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर यानं शिशाच्या प्लेटांवर लेप चढवण्याची रीत काढली आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. आजही आतला मामला तोच आहे: एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साईडची, मध्ये पाणी घातलेलं गंधकाम्ल. असा एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा सेल ओळीनं जोडले की भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते.

उष्णता वाढली की ही रासायनिक क्रिया जोरात चालते. बॅटरी तेव्हा तरतरीत वाटते, पण त्याच वेळी प्लेटांची जाळी गंजत असते आणि पाणी उडत असतं. तापमान आठ-दहा अंशांनी कायम चढं राहिलं तर बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून तर उष्ण प्रदेशासाठी ॲसिड थोडं पातळ भरण्याची पद्धत पडली. उलट थंडीत आयुष्य वाढतं, पण त्या क्षणी मिळणारी ताकद घटते. २७ अंशांना जी ताकद पूर्ण धरली, ती शून्य अंशाला दोन तृतीयांशाच्या आसपास येते आणि उणे अठराला चाळीस टक्क्यांवर. त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झाल्यानं ते फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. पाचगणीच्या दहा अंशांत धडधाकट बॅटरीला याचा पत्ताही लागत नाही. मे महिन्यात मुंबईच्या पार्किंगमध्ये शिजून निघालेल्या, तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीला मात्र तेवढीच तूट भारी पडते.

पाचगणी वसली ती मोटारीच्या आधी. महाबळेश्वर मुंबई सरकारचं उन्हाळी ठाणं झालं, पण तिथला पाऊस असा की पावसाळ्यात मुक्काम अशक्य. बारा महिने राहता येईल अशी जागा हवी होती. सह्याद्रीच्या आडोशाला, पाऊस पुष्कळ कमी असलेलं हे पठार जॉन चेसन यांनी १८६० च्या दशकात वसवायला घेतलं. त्यांनी लावलेल्या सिल्व्हर ओकच्या रांगा आजही गावाची ओळख आहेत. पुढे याच कोरड्या, थंड हवेसाठी इथे निवासी शाळा आल्या आणि डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचं क्षयरोग्यांसाठीचं बेल-एअर आरोग्यधाम उभं राहिलं. वाठार स्टेशनवर रेल्वेतून उतरायचं, टांग्यानं वाई गाठायची आणि पसरणीचा घाट चढायचा, हा त्या काळचा रस्ता. वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात सुमारे सहाशे मीटर चढ. घाटात दमायचे ते घोडे, आणि सकाळी त्यांना जुंपायला कुठलीच बॅटरी लागत नव्हती.

मोटार आली ती हँडल घेऊन. सुरुवातीच्या गाड्या माणसाच्या मनगटावर चालू व्हायच्या. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. बॅटरीला मोटारीत कायमची जागा मिळाली ती तेव्हापासून. पण भारतात स्टार्टर असलेल्या गाडीबरोबरही हँडल पुढची कित्येक दशकं आलं. पहिल्या अँबॅसडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, महिंद्राची जीप, सगळ्यांच्या पुढच्या बंपरपाशी हँडल घालायला भोक असायचं आणि डिकीत किंवा सीटखाली ती वाकडी लोखंडी दांडी असायची.

हँडल मारणं ही अक्कल लावून करायची गोष्ट होती. अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही. तो बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हँडल खाली दाबायचं नाही, खालून वर खेचायचं. इंजिननं उलटा झटका दिला तर वर खेचणाऱ्या हातातून दांडी सुटून जाते. दाबणाऱ्याचं मनगट मोडतं. थंड सकाळी आधी इग्निशन बंद ठेवून दोन-चार फेरे नुसतेच मारायचे, म्हणजे गोठल्यासारखं झालेलं तेल सुटतं. मग चोक ओढायचा, किल्ली लावायची आणि एकच जोरकस खेच. सातारा-सांगलीच्या माणसाला ही विद्या नवी नव्हती. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची, किर्लोस्करांची तेलाची इंजिनं विहिरींवर अशीच हातानं फिरवली जात. भोवतालच्या गावांतून ड्रायव्हर, क्लीनर म्हणून घाटावर येणाऱ्यांपैकी अनेकांचे हात आधीच तयार झालेले असत.

बॅटरी बसलेली असतानाही हँडलनं गाडी कशी चालू व्हायची? स्टार्टर मोटार इंजिन फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहून जास्त प्रवाह ओढते. प्लगला ठिणगी द्यायला मात्र काही अँपिअर पुरतात. दमलेल्या बॅटरीत तेवढी धुगधुगी उरलेली असे. फिरवण्याचं काम हातानं केलं की ठिणगीचं काम ती निभावून न्यायची.

डोंगरावरच्या गावाला हँडलहून सोपी सोय निसर्गानंच दिली होती: उतार. रात्री गाडी लावताना तिचं नाक उताराकडे ठेवायचं, गिअर टाकून ठेवायचा, पुढच्या चाकाला धोंडा लावायचा. सकाळी क्लच दाबून, धोंडा काढून गाडी सोडायची. जरा वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. एक हिसका बसतो आणि इंजिन धरतं. पहिल्या गिअरमध्ये हिसका फार मोठा बसून चाकं घसरतात, म्हणून दुसरा. घाटमाथ्यावरच्या जुन्या ड्रायव्हरांची ही सवय इतकी पक्की की बॅटरी ठणठणीत असली तरी गाडी चढाकडे तोंड करून लावणं त्यांच्या जिवावर येतं.

घाट बॅटरीला मदत करतो तसा छळतोही. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो होता. इंजिन मंद फिरत असलं की डायनॅमो जवळपास काहीच भरत नसे. पसरणीच्या घाटात मालवाहू गाडीच्या मागे अडकून कूर्मगतीनं चढायचं, धुक्यात भर दुपारी हेडलाइट लावायचे, पावसात वायपर चालू ठेवायचे; पाचगणीला पोहोचेपर्यंत बॅटरीतून गेलेलं जास्त आणि आलेलं कमी. पावसाळ्यात तेव्हा पर्यटक नसत, म्हणून गाडी उभीच. उभ्या गाडीची बॅटरीही आपोआप उतरत जाते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात. ते एकदा पक्के झाले की कितीही चार्ज करा, बॅटरी भरत नाही. दिवाळीला हंगाम सुरू होताना चार महिने उभी असलेली गाडी चालू करणं हे म्हणूनच दरवर्षीचं संकट असे.

डिझेलच्या जीपगाड्या आणि आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स आल्यावर थंडीचा प्रश्न आणखी अवघड झाला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटतं. इंजिन गारठलेलं असलं की ती उष्णता पुरत नाही, म्हणून आधी हीटर प्लग तापवायचे. हीटर लावा, दिवा विझेपर्यंत थांबा, मग स्टार्टर मारा. स्टार्टरच्या आधी हीटरच बॅटरी चाटून घेतो. नवख्यानं घाईघाईत तीन-चार वेळा हीच कसरत केली की बॅटरी गेलीच म्हणायची.

या अडचणींवर एक अख्खा धंदा उभा होता. बॅटरीवाल्याच्या दुकानात भिंतीलगत बॅटऱ्या तारांनी एकमेकींना जोडून रात्रभर चार्जिंगला लावलेल्या असत, झाकणं उघडी, आत बारीक बुडबुडे. दुकानदार काचेच्या हायड्रोमीटरनं एकेका सेलमधलं ॲसिड ओढून बघायचा. तरंगता काटा १.२६-१.२८ च्या आसपास थांबला तर सेल भरलेला, १.१ च्या घरात बुडाला तर रिकामा. पाच सेल चांगले आणि एकच खाली, म्हणजे तो सेल मेला. तेव्हा बॅटरीचं खोकं कडक रबराचं असायचं आणि वर डांबराचं सील. सील तापवून फोडायचं, मेलेल्या सेलच्या प्लेटा बाहेर काढायच्या, नव्या बसवून शिशाच्या पट्ट्या पुन्हा सांधायच्या. बॅटरी बदलण्याऐवजी दुरुस्त व्हायची. कपड्यांना ॲसिडची भोकं आणि श्वासात शिशाची वाफ, ही त्या कारागिरांनी दिलेली किंमत. ती त्यांच्याशिवाय कुणी मोजली नाही.

मग कारखान्यातली बॅटरी स्वस्त आणि टिकाऊ होत गेली. असोसिएटेड बॅटरी मेकर्स ही कंपनी १९४७ साली नोंदली गेली. तिचा पहिला कारखाना बंगालमधल्या शामनगरला होता. दुसरा १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला आला. पुढे क्लोराइड इंडिया आणि १९९५ पासून एक्साइड इंडस्ट्रीज अशी तिची नावं बदलली. मोटारींना लागणारी बॅटरी आता पाचगणीपासून काही तासांच्या अंतरावर तयार होऊ लागली. रबराच्या खोक्याची जागा प्लास्टिकनं घेतली, झाकण कायमचं चिकटवलं गेलं आणि एका सेलच्या दुरुस्तीची वाट बंद झाली. नंतर पाणीच घालावं न लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या आणि हायड्रोमीटर घालायला जागाही उरली नाही.

हँडल त्याच्या आधीच गेलं होतं. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ला हँडलचं भोक नव्हतं. इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे समोरून दांडी घालून फिरवणं शक्यच नव्हतं. उतार तेवढा उरला. आता तोही निकामी होतो आहे. आजच्या गाडीत इंधन सोडणारा पंप विजेवर चालतो आणि त्याला हुकूम देणाऱ्या संगणकाला ठरावीक व्होल्टेज लागतं. बॅटरी पार मेली असेल तर धक्का मारूनही काही होत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तर धक्का चालतच नाही. माणसाच्या हातातल्या दोन्ही युक्त्या गेल्या आणि सगळा भार त्या एका खोक्यावर आला.

म्हणूनच पाचगणीतल्या सकाळी आता मेकॅनिक दोन गोष्टी घेऊन येतो: जंपर केबल आणि मीटर. आधी रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज बघायचं. १२.६ असेल तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली असेल तर रिकामी. मग स्टार्टर मारताना काटा किती कोसळतो ते बघायचं. साडेनऊ-दहाच्या बराच खाली गेला तर आतून दम संपलेला. कित्येकदा दोष टर्मिनलवर फुलून आलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा निघतो. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवायची, क्लॅम्प घासून घट्ट करायचा, वर व्हॅसलीन किंवा ग्रीस लावायचं, की बॅटरी चांगली चालते. खरोखर बदलायची असेल तर काढताना आधी ऋण तार, मग धन. बसवताना आधी धन, मग ऋण. क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. नवी बॅटरी घेताना नाव बघण्याआधी ती कारखान्यातून कधी निघाली ते बघायचं. दुकानात वर्षभर पडलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असते.

काढलेली बॅटरी कुठे जाते, हाही याच इतिहासाचा भाग. २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्यांवर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली आणि २०२२ च्या नव्या नियमांनी उत्पादकाचं उत्तरदायित्व आणखी वाढवलं. शिसं वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं, म्हणून जुन्या बॅटरीला भंगारातही भाव आहे. पण त्याच भावापायी ती परवाना नसलेल्या भट्टीत पोहोचली तर ॲसिड ओढ्यात जातं आणि शिशाचा धूर वस्तीत. घाटमाथ्यावर सांडलेलं पाणी शेवटी वाईला, कृष्णेच्या खोऱ्यातच उतरतं. दुकानदाराकडे जुनी बॅटरी देऊन पावती घेणं म्हणूनच गरजेचं, आणि मुंबई-पुण्याहून निघण्याआधी, नोव्हेंबरातच बॅटरी तपासून घेणं तर त्याहून सोपं. ती तपासणी बहुतेक दुकानांत पाच-दहा मिनिटांत होते.