रांजणातलं पाणी कोणाचं?

डेंग्यूच्या डासाचा इतिहास म्हणजे खरं तर घरात साठवलेल्या पाण्याचा इतिहास. एडिस इजिप्ती हा डास गटाराकडे फारसा जात नाही. रांजण, टाकी, कूलर अशा ठिकाणी अंडी घालतो. मग प्रश्न असा, की त्या रांजणापर्यंत पोचायचं कोणी?

पहिलं उत्तर होतं, सरकारनं. १९०१ मध्ये हवाना शहरात गोर्गास यांचे निरीक्षक घरोघर फिरले, अळ्या सापडल्या तिथं दंड केला. हाच डास पीतज्वरही पसरवतो; तो ताप त्याच वर्षी शहरातून हटला. १९४७ मध्ये अमेरिका खंडांतल्या देशांनी हा डास समूळ संपवायचं ठरवलं. १९६२ पर्यंत १८ देश डासमुक्त जाहीर झाले. पण यश दिसलं तशी देखरेख ढिली पडली आणि १९७० च्या दशकात डास परत पसरू लागला. पथकं गेली, रांजण तिथंच होते.

दुसरं उत्तर उत्तर व्हिएतनाममधल्या फान बोई या ४०० घरांच्या गावातलं. लोक टाक्यांत, रांजणांत पाणी साठवायचे. आता बघा, जपून साठवलेलं पाणी कोण ओतून देईल? वू सिन्ह नाम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्या पाण्यातच मेसोसायक्लॉप्स सोडले. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा जीव नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या खातो. फुटके डबे, टाकाऊ भांडी मात्र गावकऱ्यांनीच उचलली. ऑगस्ट १९९४ पर्यंत गावातून हा डास नाहीसा झाला. पुढे आरोग्य स्वयंसेवक आणि शाळा यांच्या बळावर हे काम ३७ कम्यूनमध्ये पसरलं. त्यातल्या ३२ मधून डास हटल्याचं २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून आपणही तो जीव आणून सोडायचा का? सावकाश. सायक्लॉप्सच्याच कुळानं आपल्याकडे नारू पसरवला होता. २००० मध्ये भारत त्यातून मुक्त झाला. उचलायची आहे ती पद्धत: लोकांना पाणी का साठवावं लागतं, हे आधी समजून घेणं. आपण ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतो. पण नळाला चार दिवसांनी पाणी येत असेल, तर तो दिवस कोणता ठेवायचा, हे त्या घरातल्या बाईला विचारूनच ठरवायला हवं.