पंधरा रुपयांची विद्या

सायकल शिकायची ती लहानपणीच, हा समज आज इतका रूढ झाला आहे की तिशी-चाळिशी उलटलेला माणूस प्रथमच हँडल हाती धरतो तेव्हा वाटेवरची पोरे हसतात आणि तो स्वतःही ओशाळतो. आम्हांस हे ओशाळणे इतिहासाला धरून वाटत नाही. आपल्या मराठी मुलखात सायकल आली, त्या वेळी तिचे पहिले विद्यार्थी मिसरूड फुटून गेलेले संसारी गृहस्थ होते. मुलांच्या हाती ती पुष्कळ उशिरा लागली. ही उलटापालट कशी झाली आणि तीत मागे कोण राहिले, हे मुंबईच्या संदर्भात पाहण्याजोगे आहे.

युरोपात दोन चाकांवरचे वाहन १८१७ पासून दिसू लागले. जर्मनीतील कार्ल ड्राइस यांच्या त्या लाकडी गाडीला पायटे नव्हते. जमिनीला पाय रेटीत पुढे जावे लागे. पुढे पायटे आले, मग पुढचे चाक प्रचंड वाढले आणि वरून पडणाऱ्याचे हातपाय मोडू लागले. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केंप स्टार्ली यांनी सारख्या उंचीच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेची जोड दिली, आणि सामान्य माणसास बसता येईल असे वाहन जगाला मिळाले.

याच सुमारास एक मराठी तरुण मुंबईत होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने १८८५ मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे उघड झाले. रंग सुटले, रेषा राहिली. यांत्रिक आरेखनाचा अभ्यास करून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. माटुंग्याच्या जागेत ती १९२३ मध्ये गेली. शिकवण्याचे तास संपले की लक्ष्मणराव तेथील यंत्रांशी झटत. एके दिवशी मुंबईच्या रस्त्यावर एक पारशी गृहस्थ सायकलीवर बसून जाताना त्यांच्या दृष्टीस पडला, आणि हे यंत्र त्यांच्या मनात भरले, अशी हकीकत सांगितली जाते.

पुढे जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला धाडायच्या आणि तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्या विकायच्या, असा व्यापार सुरू झाला. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये असे. परंतु ज्याला बसताच येत नाही त्याने ती घेऊन करायचे काय? म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकास सायकल चालवावयास शिकवीतही असत, आणि या शिकवणीची फी होती १५ रुपये! मुंबईच्या गिरणीतल्या साध्या मजुराच्या हाती त्या काळी महिनाअखेर साधारण एवढेच पैसे पडत. परळच्या गिरणीत महिनाभर राबून मिळावी तेवढी रक्कम बेळगावातला गृहस्थ केवळ तोल सांभाळण्याची विद्या शिकण्यासाठी मोजीत होता. अशी वस्तू कोणी पोरासोरांच्या हाती देत नसतो. हे विद्यार्थी म्हणजे वकील, डॉक्टर, अधिकारी, सधन जमीनदार असेच असणार. त्यांच्या पोशाखाचा विचार केला म्हणजे रामूअण्णांविषयी आदर दुणावतो. धोतराचा सोगा साखळीत गुंतू न देता शिष्यास सरळ पुढे नेणे हे काही लहान काम नव्हे.

मराठीत या यंत्रास ‘पायगाडी’ असे सुरेख नाव होते. ते टिकले नाही याची आम्हांस हळहळ वाटते. बेळगावचे ते दुकान मात्र किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ ठरले. पुढचे लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी वाचकांस परिचित आहेच.

सायकल शिकण्यात मोठ्या माणसास अडचण कोठे येते? स्नायू कमी पडतात असे नाही. सायकल ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस हँडल किंचित वळवले की चाके पडत्या देहाखाली येतात आणि तोल सावरतो. जाणत्या माणसाची बुद्धी याच्या नेमकी उलट सांगते: पडतो आहेस, तर दुसरीकडे वळ! आयुष्यभर पडणे टाळीत आलेल्या देहाला पडण्याच्या दिशेने वळावयास शिकवणे, हा तो १५ रुपयांचा धडा होता. मुलांची उंची कमी, हाडे लवचीक आणि अब्रूची चिंता नाही. त्यांना तो लवकर साधतो इतकेच.

मोठ्या वयात तो साधलेल्यांत नामवंतही आहेत. लिओ टॉलस्टॉय १८९५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मॉस्कोत सायकल शिकले. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांचा धाकटा, लाडका मुलगा वान्या वारला होता. अमेरिकेतील दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सेस विलार्ड यांनी ५३ व्या वर्षी हा उद्योग आरंभला आणि १८९५ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिले. रोज सरासरी १५ मिनिटे, असे सुमारे तीन महिने त्यांना लागले.

मुंबईत सायकलीचे वेड प्रथम पारशी समाजाने जोपासले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी येथून सहा पारशी तरुण सायकलीने जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. लक्ष्मणरावांना ज्याचे नवल वाटले होते, त्या पारशी सायकलस्वाराची पुढची पिढी एवढ्या दूर गेली.

परंतु गिरणगावाचे काय? लालबाग-परळ हा पायी चालणाऱ्यांचा मुलूख होता. चाळ गिरणीजवळ, भोंगा झाला की माणसांचा लोंढा रस्त्यावर. दूर जायचे तर ट्राम. ती १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०७ पासून विजेवर धावली आणि १९६४ मध्ये बंद झाली. कामगारास सायकलीची निकड अशी फारशी नव्हतीच, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती ठेवायची कोठे हाही प्रश्न होता. ज्यांचा धंदाच दारोदार फिरण्याचा, अशा माणसांची ती झाली: पाववाला, दूधवाला, पोस्टमन आणि डबेवाला.

डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. महादू बच्चे यांनी ती सुरू केली. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेले हे लोक. गावी शेतीवर वाढलेला तरुण मुंबईत येऊन टोळीत सामील व्हायचा आणि दादर-परळच्या गर्दीत सायकल हाकू लागायचा. रिकामी सायकल चालवणे निराळे आणि हँडलला, मागे कॅरिअरला डबे टांगलेली चालवणे निराळे. प्रत्येक घरी एक डबा उतरतो आणि भार पालटतो. तोल पुन्हा नव्याने जुळवावा लागतो. सायकलीच्या प्रौढ शिक्षणाचा मुंबईतील खरा वर्ग आमच्या मते हाच, आणि त्याची फी कोणी घेतली नाही.

दरम्यान सायकल स्वस्त होत गेली. पहिल्यांदा ती परदेशातून येई. पुढे वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला आणि सायकल येथेच घडू लागली. तो १९८० मध्ये कायद्याने सरकारच्या ताब्यात गेला आणि कालांतराने बंद पडला. स्वस्ताईबरोबर तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली झाली आणि तेव्हा कोठे मुले तिच्यावर चढली. पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून ‘हाफ पेडल’ मारणारी ती पोरे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. गिरगावच्या गल्ल्या, शिवाजी पार्कचा कठड्याभोवतालचा रस्ता आणि दादरच्या पारशी कॉलनीतले पाच बागांचे शांत वळसे या त्यांच्या शाळा. सायकल ही बालपणाची गोष्ट झाली ती अशी.

मात्र ज्यांना ते बालपण मिळाले ते बहुधा मुलगे होते. चाळीतल्या मुलीने भाड्याची सायकल घेऊन रस्त्यावर पडावे, हे घरात रुचत नसे. गंमत अशी की काष्टा घालून नेसलेले नऊवारी लुगडे सायकलीस फारसे आड येणारे नव्हते. कोळणी आणि कामगार स्त्रिया त्याच लुगड्यात डोईवर ओझे घेऊन झपाझप चालत. अडचण वस्त्राची नव्हती. जिने तोल सांभाळण्याची कला डोईवरच्या पाटीखाली रोज गिरवली, तिला दोन चाकांवरचा तोल कठीण गेला असता, हे आम्हांस पटत नाही.

ते कठीण नसते याचा पुरावा तामिळनाडूने दिला. पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेची मोहीम चालू असताना जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम साक्षरतेस जोडला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका, अशा बायका गावाच्या मोकळ्या जागेत पडत-उठत शिकल्या. मुंबईचे पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीचा वृत्तान्त लिहिला आहे. जाहीर प्रात्यक्षिकांत ७०,००० हून अधिक स्त्रियांनी सायकल चालवून दाखवल्याचे ते नमूद करतात. बायकांच्या सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या. काहींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते.

पुदुक्कोट्टैच्या बायकांपाशी एक गोष्ट होती, जी लालबागच्या बाईपाशी नाही: पडण्यापुरती मोकळी जागा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, पुढे त्यांच्या जमिनींवर मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली. अंगण म्हणावे असे फार थोडे उरले. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, तोही सायकलीला वर्ज्य ठेवून. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही तास मरीन ड्राइव्हसारखे ठरावीक रस्ते मोटारींना बंद ठेवून लोकांस मोकळे करून देण्याचा उपक्रम सुरू केला होता. काही तास म्हणजे काही थोडे नव्हे. विलार्डबाईंचा रोजचा धडा १५ मिनिटांचाच होता.