सीबीएससमोरचं कोर्ट

नाशिकला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलेल्या माणसाला जिल्हा न्यायालयाचा पत्ता विचारावा लागत नाही. रस्ता ओलांडला की कोर्ट. मी त्या कोर्टात पस्तीस वर्षं वकिलांचा कारकून होतो आणि त्यातली निम्मी तरी मोटार अपघाताच्या दाव्यांत गेली. हे दावे जिथे चालतात त्याला दप्तरी भाषेत ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरण’ म्हणतात. आमच्या तोंडी एकच शब्द, ‘क्लेम’. क्लेम लावला, क्लेम निघाला, क्लेम तोडला. बसमधून पडलेला, दाराशी चेंगरलेला, धक्क्याने कण्यात मार बसलेला माणूस ज्या बसने आला त्याच बसच्या थांब्यावर उतरून, लंगडत रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचा. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘भाऊ, यात काही मिळतं का हो?’

हा प्रश्न माझ्या आजोबांच्या पिढीला पडला नसता. त्यांच्या लहानपणी नाशकात ट्राम होती. १८८९ च्या सुमारास ती उभी राहिली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून गंजमाळावरून थेट नाशिकरोड स्टेशनापर्यंत रूळ, दोन डबे आणि ओढायला चार घोडे. अंतर दहाएक किलोमीटर. गंजमाळ सोडला की पुढे सगळं रान. दुष्काळ आणि प्लेगची वर्षं लागोपाठ आली, तोटा वाढत गेला आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. आजोबा सांगायचे ते घोड्यांच्या फेसाळलेल्या तोंडाचं आणि वाटेतल्या अंधाराचं. ट्रामखाली पाय सापडला तर कुणाकडे दाद मागायची, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तशी सोय कायद्यात अगदीच नव्हती असं नाही. १८५५ चा जीवघेण्या अपघातांचा कायदा होता. माणूस मेला तर त्याच्या बायकोला, नवऱ्याला, आईबापांना आणि मुलांना दावा लावता येत होता. भाऊ-बहीण त्यात नव्हते. जखमीला साधा दिवाणी दावा करावा लागे. म्हणजे मुद्रांक, वकील, साक्षीदार, अपील. पाय मोडलेल्या हमालाने ट्राम कंपनीवर दिवाणी दावा लावायचा, ही कागदावरची सोय.

चाकं बदलली, रबराची आली, तसा कायदा बदलला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताला होणाऱ्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला, पण ते कलम अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. दोन वर्षांनी, १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. आणि १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं काढायची वाट मोकळी केली. हेतू असा की, जखमी माणसाने दिवाणी कोर्टाच्या जात्यात भरडून निघू नये. जिल्हा न्यायाधीशच तिथे बसतो, पण एका साध्या अर्जावर काम सुरू होतं.

काम सुरू होत असलं, तरी संपायचं मात्र नाही. कारण अर्ज साधा असला, तरी चूक कुणाची हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. मुंबईच्या एका अपघाताच्या खटल्यात १९७७ साली सुप्रीम कोर्टाने ते ठामपणे सांगितलं की, चालकाचा निष्काळजीपणा दाखवता आला नाही तर भरपाई नाही. तीनच वर्षांनी न्या. कृष्ण अय्यर यांनी दुसऱ्या टोकाला हात घातला. तमिळनाडूतली एक बस लोंबकळणाऱ्या विजेच्या तारेला लागली आणि प्रवासी दगावले. चालक फौजदारी खटल्यातून सुटला होता. न्यायमूर्तींनी म्हटलं, फौजदारीतून सुटला म्हणून भरपाई चुकत नाही, आणि न्यायाधिकरणांनी बारकाव्यांत अडकून जखमींना रिकाम्या हाती धाडू नये. १९८० चा तो निकाल आमच्या वकीलसाहेबांना जवळजवळ पाठ होता. सामनेवाल्याचा वकील ‘ड्रायव्हर निर्दोष सुटला’ म्हणाला रे म्हणाला की आमचे साहेब चष्मा कपाळावर सरकवायचे.

१ ऑक्टोबर १९८२ पासून मोटार वाहन कायद्यात ९२ अ हे कलम आलं. चूक कुणाचीही असो, मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये आधी द्यायचे, बाकीचा वाद नंतर घालायचा. आज हे आकडे वाचून हसू येईल. तेव्हा ७,५०० रुपयांत सिव्हिल हॉस्पिटलबाहेरच्या औषधवाल्याची उधारी फिटायची आणि घरात दोन-तीन महिन्यांचं धान्य पडायचं.

हे मला चांगलं आठवतं, कारण त्या कलमाखालचा मी हाताळलेला पहिलाच अर्ज एका टर्नरचा होता. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा, चौतीस वर्षांचा. सकाळच्या पाळीला निघाला होता. बस खच्चून भरलेली, याला खिडकीजवळची जागा मिळाली आणि उजवं कोपर खिडकीच्या पट्टीवर टेकलं. समोरून आलेला ट्रक इतका घासून गेला की कोपराचा सांधा चुरला. प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकोनात थिजलेला. वळत नाही, सरळ होत नाही. तो आमच्या टेबलाशी आला की तो हात छातीशी धरून बसायचा आणि चहाचा कप डाव्या हाताने घेताना उजवा आपोआप थोडा वर उचलायचा, जणू मदतीला येतोय. येत मात्र नसे.

उलटतपासणीत ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं.

‘बसमध्ये पाटी असते, हात बाहेर काढू नये. वाचता येतं ना तुम्हाला?’

‘येतं साहेब.’

‘मग हात का काढलात?’

‘काढला नव्हता साहेब, टेकवला होता. मांडीवर दुसऱ्याचं पोरगं होतं. हात ठेवायचा कुठं?’

कोर्टात थोडं हसू फुटलं. आमच्या वकीलसाहेबांनी मला त्याच दुपारी बारच्या लायब्ररीत पाठवलं. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल, एआयआर १९७४. झेरॉक्ससाठी रांग होती, म्हणून मी हातानेच उतरवून घेतला. निकालातलं म्हणणं असं, की खिडकीवर कोपर टेकवणं ही आपल्याकडच्या प्रवाशांची सर्रास सवय आहे, ती समोरच्या चालकाला ठाऊक असायलाच हवी आणि एवढ्यावरून प्रवाशाचीही चूक धरता येत नाही. मला आजही वाटतं, आपल्या कायद्यात बसमधल्या गर्दीला इतक्या आपुलकीने क्वचितच पाहिलं गेलं असेल. आमच्या न्यायाधीशांनी तो निकाल मानला. टर्नरला ७,५०० लवकर मिळाले, उरलेली रक्कम यायला मात्र मुलगी बालवाडीतून चौथीत गेली.

रकमेत खोट राहिली ती टक्क्यांची. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के होतं आणि कमाईही ३० टक्केच बुडाली असं धरून हिशेब झाला. लेथवर दोन हात लागतात. एक हात थिजलेल्या माणसाला मालकाने झाडलोटीवर ठेवलं, तेही उपकार म्हणून. सुप्रीम कोर्टाने हा फरक राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात नीट मांडला. शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईतलं वेगळं. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराचं किंवा ड्रायव्हरचं सगळंच जातं. मी स्वतः कारकून, त्यामुळे तो दाखला वाचताना मान खाली गेली. टर्नरला तो निकाल पंचवीसेक वर्षं उशिरा आला.

१९८८ च्या नव्या कायद्याने चूक न बघता आधी द्यायच्या रकमा २५,००० आणि १२,००० केल्या, १९९४ च्या दुरुस्तीने ५०,००० आणि २५,०००. त्याच दुरुस्तीने एक तक्ता दिला. वय शोधा, उत्पन्न शोधा, रक्कम वाचा. पण त्या तक्त्यात हिशेबाच्या इतक्या चुका होत्या की सुप्रीम कोर्टाला १९९६ साली त्यावर विसंबू नका असं सांगावं लागलं. ज्याला उत्पन्नच नाही त्याचं वर्षाचं मोल १५,००० रुपये, आणि घर सांभाळणाऱ्या बाईचं मोल नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. संसदेने हे छापलं होतं.

खरी शिस्त आली ती २००९ च्या सरला वर्मा निकालाने. दिल्ली परिवहनच्या बसची कारला धडक, मृत्यू १९८८ चा, निकाल एकवीस वर्षांनी. त्यात वयानुसार गुणक ठरले. एकतीस ते पस्तीस वर्षांना १६, पासष्टीपुढच्याला ५. उदाहरण देतो, म्हणजे घरी बसून करता येईल. महिना १०,००० कमाई, म्हणजे वर्षाला १,२०,०००. कमाईतली घट ३० टक्के, म्हणजे ३६,०००. वय चौतीस, गुणक १६. झाले ५,७६,०००. तीच घट ६० टक्के सिद्ध झाली तर ११,५२,०००. उपचार, वेदना, काळजी घेणारा माणूस यांचे पैसे वेगळे. दुपटीचा फरक फक्त एका उताऱ्याचा, कारखान्यातून आणलेला, की हा माणूस काय काम करत होता. तो उतारा आणायला सांगणं हे कारकुनाचं काम. मी कितीदा विसरलो असेन, देव जाणे.

आणखी एक गोष्ट लोकांना खुपायची. रक्कम आली की ती हातात पडत नाही. १९९४ च्या केरळच्या एका बस प्रकरणापासून सुप्रीम कोर्टाने घालून दिलेल्या वाटेने बरीचशी रक्कम मुदत ठेवीत जाते, विशेषतः विधवा आणि अज्ञान मुलांची. पंचवटीतली एक बाई मुलीच्या फीसाठी ठेव मोडायचा अर्ज घेऊन तीनदा आली. चिडून म्हणाली, ‘माझा नवरा गेला, माझे पैसे आणि सही साहेबांची?’ तिचं खरं होतं. पण महिनाभरात दिराने आणि मेव्हण्याने सगळी रक्कम लुटलेलीही मी पाहिली आहे. या नियमाबद्दल माझं मत आजही एका बाजूला बसत नाही.

एसटीबद्दल गैरसमज फार. तिच्या गाड्यांना विमा नाही, म्हणून पैसे मिळणार नाहीत, असं लोक सांगत फिरतात. सरकारी परिवहन संस्थांना स्वतःचा निधी ठेवून विम्यातून सूट घेण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. १ एप्रिल २०१६ पासून तर तिकिटामागे एक रुपया अपघात सहाय्यता निधीत जमा होऊ लागला. २८ जानेवारी २०२० ला देवळ्याजवळ मेशी फाट्यावर बस आणि रिक्षा विहिरीत कोसळल्या, तेव्हा एसटीने मृतांच्या वारसांना दहा लाख जाहीर केले ते याच योजनेनुसार.

जाहीर मदतीने लोक फसतात, असं माझं म्हणणं आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर हॉटेल मिरची चौकात खासगी बसला आग लागली, १२ जण गेले. राज्याने पाच लाख आणि पंतप्रधान निधीने दोन लाख जाहीर केले. ती मदत झाली. मदतीचा चेक घेतला म्हणून न्यायाधिकरणात जायचा हक्क बुडत नाही. तरी कितीतरी घरं चेकवरच थांबतात.

नाशकातल्या शहर बसचा धनी ८ जुलै २०२१ ला बदलला. एसटीच्या जागी महापालिकेची सिटीलिंक आली. गाड्या ठेकेदारांच्या, मार्ग आणि भाडं महापालिकेच्या कंपनीचं. मग दावा कुणावर? भाड्याने चालवलेल्या बसच्या विमा कंपनीलाही सुटका नाही, हे सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेश परिवहनच्या प्रकरणात २०११ सालीच म्हटलं आहे. म्हणून अर्जात तिघंही सामनेवाले हवेत: बसचा मालक, परिवहन कंपनी आणि विमेवाले. एकाला गाळलं की दुसरा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तारीख पडते.

आता मी कोर्टात जात नाही. पण ओळखीचे लोक घरी येतात, त्यांना मी एवढंच सांगतो. तिकीट फेकू नका, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढा. बसचा नंबर लिहा. सिव्हिलला नाव नोंदवताना ‘पडलो’ म्हणू नका, बसमध्ये काय झालं ते सांगा. पोलिसांत फिर्याद द्या आणि पंचनाम्याची नक्कल घ्या. वॉर्डात खाटेशी येऊन ‘केस लावून देतो’ म्हणणाऱ्या पाहुण्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. आणि मुदत. १९९४ ला काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून परत आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, पण त्या भरवशावर राहू नका. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. सीबीएसला उतरा, रस्ता जपून ओलांडा. कोर्ट समोरच आहे.