घरातील खाट

दुखणाईताची घरी शुश्रूषा करणे आम्हा मराठवाड्यातील कुटुंबांना कुणी शिकविले नाही. कूस बदलणे, उशाशी बसून रोझरी म्हणणे हे पूर्वापार चालत आले. उणीव होती ती वेदनाशमनाची. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे कुंपण पडले. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' हे भारतातील पहिले हॉस्पिस उघडले. पण औरंगाबादकरांना वांद्रे दूरच. २०१२ मध्ये आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, २०१४ मध्ये कायदाही सैल झाला. डॉक्टरांनी ठरविलेल्या वेळी गोळी देणे, सोबत रेचक देणे घरच्या सुनेलाही जमते. (सुनेलाच का, मुलाला का नाही?)

तरीही मॉर्फिन म्हणजे अखेरचे औषध, या समजाने आम्ही ते मागतच नाही. अभ्यंगाचेही तेच. 'अंतिम अभ्यंग' यापेक्षा 'रुग्णाभ्यंग' हे नाव अधिक उचित, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. पण धर्मगुरू दारात दिसताच घरात रडे उसळते, म्हणून त्यांना बोलावणे आम्ही लांबवितो. आणि ते येतात तेव्हा रुग्णाची शुद्ध हरपलेली असते.