गिअर ऑटोमॅटिक, प्रश्न जागेचा

गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक जुना वाद आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या स्पोर्ट्स कारमध्ये ड्रिफ्ट शिकता येतं का? बहुतेक जण ठामपणे ‘नाही’ म्हणतात. क्लचच नाही तर ड्रिफ्ट कसलं, असा त्यांचा सवाल असतो. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणातल्या मुलांकडूनही मी हे अनेकदा ऐकलंय. मला गाडी चालवण्यापेक्षा गाड्यांच्या इतिहासात जास्त रस आहे, आणि इतिहास या प्रश्नाचं उत्तर वेगळं देतो. ते उत्तर गिअरपाशी थांबत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ड्रिफ्ट म्हणजे काय ते पाहू. वळणावर गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरू द्यायची, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला धरायची आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून ती घसरण ताब्यात ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं गाडी सुटली. प्रत्यक्षात ती चालकाच्या हातात असते. सुटलेली गाडी आणि सोडलेली गाडी यातला फरक हाच या विद्येचा गाभा.

तिचा उगम जपानमध्ये सांगितला जातो. कुनिमित्सु ताकाहाशी हे मूळचे मोटरसायकलस्वार. १९६१ साली पश्चिम जर्मनीत होंडाच्या मोटरसायकलवर ग्रांप्री जिंकणारे ते पहिले जपानी. पुढे ते मोटारींकडे वळले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला निसान स्कायलाइन घेऊन वळणांवर अशा घसरत्या पद्धतीने शर्यती करू लागले. प्रेक्षकांत त्यांचे चाहते तयार झाले. त्यातलाच एक केइची त्सुचिया.

नागानो प्रांतात १९५६ साली जन्मलेल्या त्सुचियाने ही विद्या डोंगरातल्या घाटरस्त्यांवर घासली. गाडी साधीच, टोयोटाची एई ८६. १९८७ साली त्याच्या घाटातल्या कसरतींची एक चित्रफीत निघाली आणि तिच्यापायी त्याच्या शर्यतीच्या परवान्यावर गदा आली. पण चित्रफीत हातोहात फिरली. जपानभर तरुण मुलं रात्री घाटात जमू लागली. पोलीस मागे लागले, अपघात झाले.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. ज्यांनी हे वेड लावलं त्यांनीच त्याला मैदान मिळवून दिलं. त्सुचिया आणि गाड्यांच्या मासिकाचे संपादक दाइजिरो इनादा यांच्या पुढाकाराने २००१ पासून डी वन ग्रांप्री ही ड्रिफ्टची अधिकृत स्पर्धा भरू लागली. वेग, घसरण्याचा कोन आणि वळणातली वाट यांवर परीक्षक गुण देऊ लागले. त्याआधी, १९९५ साली, फ्रान्समधल्या ल मां इथल्या २४ तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्स गाडीने आपला गट जिंकला होता. तिच्या तीन चालकांमध्ये ५५ वर्षांचे ताकाहाशी होते आणि त्यांना पाहून शिकलेला त्सुचियाही होता. ज्याच्या परवान्यावर गदा आली होती, तो आठ वर्षांत आपल्या उस्तादासोबत एकाच गाडीत जगातल्या एका मोठ्या शर्यतीच्या मंचावर उभा राहिला.

आता गिअरबद्दल. जपानी पद्धतीत क्लचला मान होता, कारण क्लच झटकन दाबून सोडला की इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर एकदम आदळते आणि ती सुटतात. ऑटोमॅटिकमध्ये हा झटका मिळत नाही. तिथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांसमोर आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. पूर्ण ऑटोमॅटिक गिअर असलेली गाडी मोठ्या संख्येने बाजारात आली ती अमेरिकेत, ओल्ड्समोबाइलच्या १९४० सालच्या मॉडेलमध्ये. १९४८ साली ब्यूइकच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आला. ही सगळी सोय होती चालकाला आराम मिळावा म्हणून. तेलातून ताकद पोचायला किंचित वेळ लागतो, आणि गिअर कधी बदलायचा ते यंत्र ठरवतं. ड्रिफ्टवाल्यांची तक्रार या दोन गोष्टींवर आहे.

तक्रार खरी, निष्कर्ष चुकीचा. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात योहान श्वार्त्झ या प्रशिक्षकाने ओल्या केलेल्या गोल मैदानावर सलग आठ तास ड्रिफ्ट करून सुमारे ३७४ किलोमीटरचा विक्रम केला. पेट्रोल संपत आलं की दुसरी गाडी शेजारी घसरत यायची आणि चालत्या गाडीत पेट्रोल भरलं जायचं. ही गाडी होती बीएमडब्ल्यू एम ५, आणि तिचा आठ गिअरचा संच टॉर्क कन्व्हर्टरचा होता. क्लचचं पेडल तिला नव्हतंच.

मग ऑटोमॅटिकवर शिकणारा करतो काय? गाडी मागच्या चाकांवर चालणारी हवी. टोयोटाने जुन्या एई ८६ची आठवण ठेवून २०१२ साली आणलेली जीटी ८६ ऑटोमॅटिकमध्येही मिळत असे. गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावणारी संगणकीय यंत्रणा पूर्ण बंद करावी लागते, नाहीतर ती प्रत्येक प्रयत्न हाणून पाडते. गिअरचा दांडा मॅन्युअलवर आणून दुसऱ्या गिअरला बांधायचा, म्हणजे ऐन वळणात गिअर वर जाऊन ताकद तुटत नाही. पहिला धडा ओल्या, मोकळ्या जमिनीवर एका शंकूभोवती गोल फिरण्याचा. ॲक्सिलरेटर वाढवत न्यायचा, मागचा भाग सुटला की स्टिअरिंग उलट दिशेला सोडायचं आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची. घाबरून पाय एकदम उचलला की टायर अचानक पकड घेतात आणि गाडी विरुद्ध बाजूला फेकली जाते. नवशिके इथेच फसतात.

क्लचचा झटका नाही, म्हणून वजनाचा वापर शिकावा लागतो. वळणाआधी गाडी किंचित उलट बाजूला न्यायची आणि मग आत वळवायची. गाडीचं वजन झोक्यासारखं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातं आणि मागची चाकं सुटतात. तेलातून ताकद उशिरा येते, म्हणून पाय क्षणभर आधी दाबण्याची सवय लावावी लागते. गिअरचं तेल तापतं, म्हणून थोड्या थोड्या वेळाने गाडीला विसावा द्यावा लागतो. हे सगळं जमायला वेळ लागतो, पण जमतं.

ऑटोमॅटिकवर गाडी घसरवता येते याचा सर्वात मोठा, आणि सर्वात दुःखद, पुरावा मात्र सौदी अरेबियाच्या रस्त्यांवर आहे.

तिथे या प्रकाराला तफहीत म्हणतात. १९७०च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि रियाध पसरू लागलं. त्याआधी, १९६८ साली, ग्रीक वास्तुविशारद डॉक्सिआडिस याला शहराचा आराखडा करायला दिला होता. त्याने दोन किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद असे चौकोन आखले. रुंद, सरळसोट रस्ते झाले. शहराबाहेरच्या जमिनींवर डांबर पडलं, दिवे लागले, पण घरं यायला वर्षं लागली. चित्रपटगृह नाही, बसायला जागा नाहीत, पुष्कळांना काम नाही. अशा मुलांना हे रिकामे रस्ते सापडले. फ्रेंच अभ्यासक पास्काल मेनोरे याने रियाधमध्ये राहून या मुलांवर संशोधन केलं. त्याचं पुस्तक २०१४ साली केंब्रिजने छापलं. जमिनीचे व्यवहार, रस्ते आणि तरुणांची कोंडी यांचा संबंध तो उलगडून दाखवतो.

या मुलांकडे स्पोर्ट्स कार नव्हत्या. भाड्याच्या किंवा चोरलेल्या कॅमरी, सोनाटा यांसारख्या साध्या घरगुती गाड्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. भरधाव वेगात स्टिअरिंगला हिसका आणि हँडब्रेक, बस्स. गाडी आडवी होऊन रहदारीतून घसरत जायची. कडेला शेकडो मुलं उभी. कित्येक चालक मेले, आणि पाहायला आलेलेही मेले. सरकारने शिक्षा वाढवत नेल्या. २०१६ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला २० हजार रियाल दंड, दुसऱ्याला ४० हजार, तिसऱ्याला ६० हजार आणि गाडी जप्त.

कौशल्य जपानी मुलांत होतं तसं या मुलांतही होतं. फरक जागेचा आणि उस्तादाचा होता. जपानमध्ये घाटातल्या पोराला मैदानाची वाट दिसली. रियाधमधल्या पोराला पुष्कळ काळ फक्त रस्ता आणि तुरुंग दिसला. आता तिथेही चित्र बदलतंय. २४ जून २०१८ रोजी सौदी महिलांना गाडी चालवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रीमा जुफाली ही सौदी तरुणी अबू धाबीत स्पर्धेत उतरली, गाडी टोयोटा ८६. डिसेंबर २०२१ मध्ये जेद्दाहला फॉर्म्युला वनची शर्यत झाली. कोट्यवधींची शर्यत भरवणं सोपं असतं. मोहल्ल्यातल्या मुलाला परवडेल असं मोकळं मैदान देणं कठीण.

आपल्या समाजात या विषयावर बोलायला कुणी बसलं की एक तर ‘हराम’ म्हणून दार लावलं जातं, नाहीतर ‘पोरं आहेत’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही उत्तरं आळशीपणाची आहेत. सहीह बुखारीत अब्दुल्लाह इब्न उमर यांनी सांगितलेली घोड्यांच्या शर्यतीची हकीकत आहे. मदिनेत पैगंबर साहेबांनी (स.) तयारी झालेल्या घोड्यांना अल-हफ्यापासून सनियतुल विदाअपर्यंतचा लांबचा पल्ला ठरवून दिला. तयारी न झालेल्या घोड्यांना तिथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचा छोटा पल्ला. इब्न उमर स्वतः त्या शर्यतीत होते. वेगाची हौस नाकारली गेली नाही. तिला जागा दिली, अंतर दिलं आणि कच्च्या-पक्क्याचा भेद राखला.

शब-ए-बारातच्या रात्री मुंबईच्या रस्त्यांवर आपली काही मुलं मोटरसायकलींवर कसरती करतात आणि दरवर्षी उलेमांना आवाहन करावं लागतं, तेव्हा मला ही हकीकत आठवते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात रस्त्यालाच मैदान समजणारेही होते आणि त्यांच्या वाटेत आलेले बेकसूरही. चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा इथे शर्यतीचे मार्ग आहेत, पण मुंब्रा-भिवंडीच्या पोराला ते चंद्रावर असल्यासारखेच.

तेव्हा कुणी विचारलं की ऑटोमॅटिकवर ड्रिफ्ट शिकता येतं का, तर माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. लगेच मी पुढचा प्रश्न विचारतो: शिकणार कुठे, आणि शिकवणार कोण? त्याचं उत्तर त्या मुलाकडे नसतं. ते आपण मोठ्यांनी द्यायचं आहे.