गव्हाच्या मोडांपासून दोन रेघांपर्यंत : गर्भचाचणीचा इतिहास

गर्भचाचणीच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो. सकाळची पहिली लघवी घ्या, ठरलेल्या वेळातच निकाल वाचा, उत्तर ‘नाही’ आले आणि पाळी आली नाही तर पुन्हा तपासा. बहुतेक जण तो न वाचताच फेकून देतात. वास्तविक त्यातील बऱ्याच सूचनांमागे कधीतरी झालेली फसगत दडलेली आहे. आजचा थ्रेड त्या कागदाचा.

आरंभ इजिप्तपासून. बर्लिनच्या संग्रहालयात तीन हजार वर्षांहून जुना एक वैद्यकीय पपायरस आहे. त्यातील कृती अशी : स्त्रीने गहू आणि सातू यांच्या दाण्यांवर रोज लघवी करावी. दाणे रुजले तर दिवस गेले, न रुजले तर नाही. एका धान्याचा मोड मुलाचा, दुसऱ्याचा मुलीचा.

ही निव्वळ भाकडकथा नव्हती. १९६३ मध्ये इजिप्तमधील संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला. गर्भवतींच्या सुमारे ७० टक्के नमुन्यांवर दाणे रुजले; पुरुषांच्या आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांच्या लघवीवर रुजले नाहीत. मुलगा-मुलगीचे भाकीत मात्र साफ खोटे ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाणे रुजले तर ‘हो’ बरेच खात्रीचे होते. न रुजले तर ‘नाही’ तसे नव्हते, कारण गर्भवतींपैकीही अनेकींचे दाणे रुजलेच नाहीत. ‘हो’ भक्कम आणि ‘नाही’ कच्चे, हे दुखणे या चाचणीला पुढेही चिकटून राहिले.

मध्ययुगीन युरोपातील वैद्य काचेच्या भांड्यातील लघवीचा रंग न्याहाळून गर्भाचे निदान सांगत. त्यांत अदमास अधिक आणि ज्ञान कमी, म्हणून तो काळ ओलांडून थेट १९२७-२८ च्या बर्लिनमध्ये जाऊ.

तेथे सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या वैद्यांनी गर्भवतीची लघवी वयात न आलेल्या उंदरिणींना टोचली. काही दिवसांनी त्या कापून पाहता त्यांचे बीजांडकोश प्रौढ झालेले दिसले. लघवीत काहीतरी संप्रेरक होते, हे सिद्ध झाले. ते मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीतून येत असावे, असा त्यांचा कयास होता. प्रत्यक्षात ते वारेतून येते. आज त्याला एचसीजी म्हणतात. ज्यू असल्यामुळे या दोघांनाही पुढे नाझी जर्मनी सोडावी लागली. झोंडेक स्वीडनमार्गे जेरुसलेमला गेले, आशहाइम पॅरिसला.

१९३१ मध्ये अमेरिकेत उंदरांची जागा सशांनी घेतली. ‘ससा मेला’ म्हणजे बाई गरोदर, असा वाक्प्रचारच तिकडे रूढ झाला. तो चुकीचा होता. बीजांडकोश पाहण्यासाठी ससा मारावाच लागे, मग उत्तर काहीही असो! दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस बेडकीने ही हत्या थांबवली. तिला लघवी टोचली की गर्भ असल्यास काही तासांत ती अंडी घाली, आणि पुढच्या चाचणीस पुन्हा उपयोगी पडे.

प्राण्यांवाचून चाचणी शक्य झाली ती १९६० मध्ये. स्वीडनच्या लेफ वीदे आणि कार्ल गेमझेल यांनी एचसीजीचा लेप दिलेल्या मेंढीच्या रक्तपेशी आणि एचसीजीला चिकटणारी प्रतिद्रव्ये एकत्र आणली. लघवीत एचसीजी नसेल तर पेशींच्या गुठळ्या होत. असेल तर पेशी परीक्षानळीच्या तळाशी स्वच्छ कडे करून बसत.

तरीही निकाल पहिल्यांदा डॉक्टरांना कळे, बाईला नंतर. हा क्रम उलटवण्याचे मनात आले ते मार्गारेट क्रेन यांच्या. त्या वैद्य नव्हत्या. न्यू जर्सीतील ऑर्गनॉन या औषध कंपनीत त्या सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांची रेखाटने करीत. १९६७ मध्ये तेथील प्रयोगशाळेत आरशांवर टांगलेल्या परीक्षानळ्यांची रांग त्यांनी पाहिली आणि हे तर घरीही करता येईल, असे त्यांना वाटले. टेबलावरील क्लिपांची प्लास्टिकची डबी, एक नळी आणि खाली आरसा, एवढ्यातून नमुना तयार झाला. पेटंट त्यांच्या नावे निघाले, पण हक्क त्यांनी कंपनीला एका डॉलरला दिले. तो डॉलरही हाती आला नाही, असे त्या सांगत. १९७१ मध्ये हे खोके कॅनडात विक्रीस आले. अमेरिकेला त्यासाठी त्या दशकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले.

१९७८ च्या अमेरिकी जाहिरातीतील आकडे प्रामाणिक होते. ‘हो’ ९७ टक्के विश्वासार्ह, ‘नाही’ केवळ ८० टक्के. पाळी चुकल्यावर नऊ दिवस थांबायचे, मग नळी दोन तास न हलवता ठेवायची. ‘नाही’ कच्चे का, तेही आता उमगले होते. गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच एचसीजी बनू लागते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होते. घाई केली तर गर्भ असूनही ते चाचणीला सापडत नाही. भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ झाली तरी तेच. म्हणून सकाळची पहिली लघवी, आणि पाळी न आल्यास काही दिवसांनी पुन्हा चाचणी.

‘हो’ही कधी फसवे असे, कारण बीज सुटतेवेळी वाढणारे एलएच हे संप्रेरक एचसीजीसारखेच दिसते. दोघांचा अर्धा भाग समान असतो. १९७२ मध्ये ज्युडिथ वायटुकायटिस आणि ग्लेन ब्राउनस्टीन यांनी उरलेला, वेगळा अर्धा भाग ओळखणारी पद्धत प्रसिद्ध केली. आजची पट्टी याच ओळखीवर चालते.

पट्टीवर ‘सी’ची रेघ उमटली म्हणजे चाचणी नीट झाली, ती नसेल तर निकाल बाद. ‘टी’ची रेघ फिकी असली तरी वेळेत रंगीत उमटली तर उत्तर ‘हो’च समजावे. वेळ उलटल्यावर, लघवी वाळताना उमटलेली करडी छटा मात्र ग्राह्य नाही. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीची इंजेक्शने घेतली असतील तर रेघ त्यांचीही असू शकते.

एक गोष्ट पट्टीला अजिबात कळत नाही : गर्भ कुठे रुजला आहे. तो बीजवाहिनीत अडकला असेल तरी दोन रेघा येतात. ओटीपोटात तीव्र वेदना, रक्तस्राव, भोवळ यांपैकी काही असेल तर दुसरी चाचणी करीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

क्रेन यांचा मूळ नमुना २०१५ मध्ये लिलावात निघाला आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने तो घेतला. आपल्याकडे त्याच कल्पनेचा वंशज ‘निश्चय’ या नावाने आशाताईंच्या पिशवीतून गावोगावी विनामूल्य पोहोचतो.