जीपचं पहिलं नाव

शहाद्यात कुणी अंगणात जुनी महिंद्रा जीप उघडून बसलं, की मला तिच्या कंपनीचं पहिलं नाव आठवतं: महिंद्रा अँड मोहम्मद. १९४५ साली के. सी. आणि जे. सी. महिंद्रा या भावांबरोबर मलिक गुलाम मोहम्मद भागीदार होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ साली गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे फरक फारसा कुणाला जाणवलाच नाही.

विलिज जीपचं मूळ इंजिन पेट्रोलचं. पेट्रोल परवडेना, तेव्हा मिस्त्रींनी कित्येक जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं. आता पेच असा, की २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार झालेला चालत नाही. मग डिझेल उतरवून जुनं पेट्रोल इंजिन शोधत फिरायचं का? मला विचाराल तर नाही. शेतावर राबलेल्या जीपचा इतिहास त्या डिझेलमध्येच आहे. फक्त रंगाला हात घालण्याआधी आरसी बुकात त्या इंजिनाची नोंद आहे का, ते बघून घ्या.